माजी कर्मचारी आणि कंपनीची गुप्त माहिती : वाचकांचे कायदेविषयक प्रश्न

या अंकातली सगळी पत्रे एकाच विषयाची आहेत: नोकरी सोडून गेलेला माणूस कंपनीची माहिती सोबत घेऊन गेला, तर कायद्याने काय करता येते? व्यापारी गुपितांसाठी भारतात अजून स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये २८९व्या अहवालात तसा कायदा सुचवला आणि सोबत मसुदाही दिला. तोवर करार कायदा, कॉपीराइट, माहिती तंत्रज्ञान कायदा, फौजदारी कायदा आणि विश्वासभंगाबद्दल न्यायालयांनी घडवलेली तत्त्वे यांवरच काम भागवायचे आहे. भागतेही, पण तयारी लागते.

प्रश्न : आमचा औद्योगिक पंपांचा व्यवसाय आहे. विक्री व्यवस्थापक दीड महिन्यापूर्वी राजीनामा देऊन स्पर्धक कंपनीत गेला. आता आमच्या जुन्या ग्राहकांना आमच्यापेक्षा नेमके दोन-तीन टक्के कमी दराचे कोटेशन जाते. शेवटच्या आठवड्यात त्याने दरांची एक्सेल फाइल खासगी ईमेलवर पाठवल्याचे आमच्या संगणक विभागाला दिसले. आधी वकिलाची नोटीस द्यावी की पोलिसांत जावे?

दोन्हींच्या आधी पुरावा सुरक्षित करा. अशी प्रकरणे कलमांच्या अभावी कमी फसतात. त्या माणसाचा लॅपटॉप फॉरमॅट होऊन नव्या कर्मचाऱ्याच्या हाती गेलेला असतो, म्हणून जास्त फसतात.

लॅपटॉप बंद असेल तर बंदच राहू द्या. ‘जरा बघू’ म्हणून कोणी तो सुरू करून फायली उघडल्या की आतल्या वेळेच्या नोंदी बदलतात. उलटतपासणीत मग पहिलाच प्रश्न येतो: ही वेळ आमच्या अशिलाने नोकरी सोडल्यानंतरची आहे, तेव्हा ही फाइल कोण हाताळत होते? लॅपटॉपचे मॉडेल आणि अनुक्रमांक कागदावर लिहा, दोघांच्या सह्या घेऊन तो पाकिटात सील करा आणि पुढे तो कोणाच्या ताब्यात कधी गेला याची सलग नोंद ठेवा. फॉरेन्सिक तज्ज्ञ राइट ब्लॉकर (डिस्कवर काहीही लिहिले जाऊ न देणारे उपकरण) लावून डिस्कची हुबेहूब प्रत काढतो, मूळ डिस्क आणि प्रत यांची हॅश व्हॅल्यू (मजकुरावरून गणिताने काढलेला, मजकूर बदलला की बदलणारा ठसा) जुळवतो आणि तपास त्या प्रतीवर करतो. कोणता पेन ड्राइव्ह जोडला होता, त्याचा अनुक्रमांक काय, याच्या खुणा विंडोजच्या रजिस्ट्रीत (संगणकाच्या अंतर्गत नोंदवहीत) बहुधा सापडतात. ईमेलवरून एक फाइल गेली असली, तरी पेन ड्राइव्हवरून शंभर गेल्या असू शकतात. म्हणून ही तपासणी टाळू नका.

कंपनीचे ईमेल खाते काढून टाकू नका, फक्त निलंबित करा. गूगल वर्कस्पेसमध्ये काढून टाकलेले खाते २० दिवसांच्या आत परत आणता येते, मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ३० दिवसांच्या आत. तुमच्याकडे दीड महिना गेला आहे, तेव्हा खाते जिवंत आहे का हे आजच पाहा. कोणी कोणती फाइल उघडली आणि उतरवली याच्या नोंदीही काही महिन्यांनी आपोआप पुसल्या जातात. त्या लगेच उतरवून घ्या. संशयित मेल मूळ स्वरूपात, पूर्ण हेडरसह (मेल कुठून, कधी, कोणत्या मार्गाने गेला ही तांत्रिक नोंद) जतन करा. नुसता स्क्रीनशॉट कोर्टात टिकत नाही.

हा सगळा इलेक्ट्रॉनिक पुरावा आहे. १ जुलै २०२४ पासून त्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू होते. जुन्या पुरावा कायद्याचे कलम ६५ब आता विसरा. या कलमाखालच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. भाग अ संगणक किंवा यंत्रणा ज्याच्या ताब्यात आहे तो भरतो, भाग ब तज्ज्ञ भरतो. दोन्हींत उपकरणाचा तपशील, हॅश व्हॅल्यू आणि ती कोणत्या पद्धतीने काढली हे लिहावे लागते. मूळ उपकरण कोर्टापुढे आणणार नसाल तर प्रमाणपत्र सक्तीचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात जुन्या ६५ब बद्दल स्पष्ट केले होते. नव्या कलमाचा रोखही तोच आहे. हे प्रमाणपत्र आत्ताच करून घ्या. दोन वर्षांनी संगणक विभागातला तो माणूसही नोकरी सोडून गेलेला असेल.

एक धोका सांगायलाच हवा. लॅपटॉपवर त्याच्या खासगी ईमेलचा पासवर्ड साठवलेला सापडला, म्हणून त्या खात्यात शिरू नका. दुसऱ्याच्या खात्यात परवानगीशिवाय शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ चा भंग आहे. म्हणजे तक्रारदाराचा आरोपी व्हायला वेळ लागत नाही.

आता दोन-तीन टक्क्यांबद्दल. कमी दर हा एकट्याने पुरावा होत नाही. बाजारभाव सगळ्यांनाच ठाऊक असतो, असा बचाव येईल आणि तो वाजवी दिसेल. एक तक्ता करा: ग्राहक, तुमच्या कोटेशनचा क्रमांक आणि तारीख, त्यांच्या कोटेशनची तारीख, दोन्ही दर, आणि तुमचा दर बाहेरून कळण्यासारखा होता का. ग्राहक देत असेल तर समोरच्या कोटेशनची प्रत घ्या. त्यात तुमच्या चुका शोधा. तुमच्या तक्त्यात एखाद्या इम्पेलरचा कोड चुकीचा पडला असेल किंवा एखाद्या सीलच्या नावात अक्षर गळाले असेल आणि तीच चूक स्पर्धकाच्या कोटेशनमध्ये उतरली असेल, तर तेवढी एक ओळ दहा पानी युक्तिवादापेक्षा जास्त बोलते. अचूक माहिती दोघांकडे स्वतंत्रपणे असू शकते. सारखी चूक सहसा नसते.

नोटीस की कोर्ट, हे मागणीवर ठरते. माहिती परत मिळाली, प्रती नष्ट झाल्या आणि लेखी हमी आली, एवढ्याने भागणार असेल तर सात दिवसांची नोटीस द्या. त्याच्याकडचा संगणक कोर्टामार्फत तपासून हवा असेल, तर नोटीस म्हणजे पुरावा पुसण्याचे आमंत्रण ठरते. तेव्हा थेट एकतर्फी आदेशासाठी, म्हणजे समोरच्याला न ऐकता मिळणाऱ्या आदेशासाठी, अर्ज करा. पोलिसांबद्दल पुढच्या एका उत्तरात.

प्रश्न : आमच्या नियुक्तिपत्रात ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षे स्पर्धक कंपनीत काम करणार नाही’ अशी अट आहे. तिच्या आधारे माणसाला थांबवता येईल का?

नाही. करार कायदा १८७२ चे कलम २७ कोणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरवते. मुदत दोन वर्षांची असो की दोन महिन्यांची, एका शहरापुरती असो की देशभराची, ‘अट वाजवी आहे’ असा युक्तिवाद नोकरी संपल्यानंतरच्या बंदीला वाचवत नाही. पर्सेप्ट डी’मार्क विरुद्ध झहीर खान या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले.

नोकरी चालू असतानाची बंदी मात्र चालते. १९६७ चा निरंजन शंकर गोलिकरी निकाल इथे मूळ मानला जातो. कल्याणच्या कारखान्यात टायरच्या दोऱ्याचे तंत्र शिकलेला पर्यवेक्षक पाच वर्षांचा करार अर्ध्यात सोडून राजस्थानातल्या स्पर्धकाकडे गेला. उरलेल्या करारकाळापुरती मनाई सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. आणि १४ मे २०२५ रोजी विजया बँकेच्या प्रकरणात, ठरलेल्या तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अटही त्याच न्यायालयाने वैध मानली. ती अट धंदा करण्यापासून रोखत नव्हती, फक्त मुदतीआधी जाण्याची किंमत लावत होती.

मग तुमच्या हातात काय उरते? गोपनीयतेचे कलम. ‘कुठेही काम कर, पण आमची ही माहिती वापरू नकोस’ ही अट नोकरी संपल्यावरही लागू करता येते, कारण ती माणसाचा धंदा अडवत नाही. तुमच्या पत्रात असे कलम आहे का ते आधी पाहा. असेल तर दावा त्यावर उभा करा. दोन वर्षांच्या बंदीला मुख्य आधार बनवलेत, तर हा दावा माणसाची रोजीरोटी अडवण्यासाठी आहे असे न्यायाधीशांचे मत पहिल्याच तारखेला होते आणि चांगला मुद्दाही त्यात वाहून जातो.

ग्राहकांना न भेटण्याच्या अटीबद्दलही विचारणा आहे. तिथे निकाल संमिश्र आहेत. अमेरिकन एक्स्प्रेस बँक विरुद्ध प्रिया पुरी या २००६ च्या निकालात दिल्ली उच्च न्यायालयाने बँकेला मनाई नाकारली. ग्राहकांची नावे-पत्ते म्हणजे आपोआप गुपित नव्हे, आणि ग्राहकालाही हवे तिथे जाण्याचा हक्क आहे. त्याआधी, १९९५ साली, बर्लिंग्टन होम शॉपिंगच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने मेहनतीने जमवलेल्या ग्राहक-यादीला संकलन म्हणून कॉपीराइटचे संरक्षण दिले होते. आमच्या मते फरक असा पडतो: ग्राहक कोण आहेत, हे डोक्यात राहणारच. कोणाचे कंत्राट कधी संपते, कोणाला किती सवलत, कोणाचे पैसे किती दिवसांनी येतात, अशी रकान्यांनी भरलेली फाइल नकलून नेली असेल तर मामला निराळा होतो.

प्रश्न : धातूवरच्या लेपाचे रसायन बनवणारा आमचा छोटा कारखाना आहे. कोणाशीच लेखी गोपनीयता करार नाही. फोरमन मिश्रणाचे प्रमाण आणि भट्टीचे तापमान घेऊन गेला. लेखी काहीच नसताना दावा चालेल का?

चालेल, पण ओझे तुमच्या खांद्यावर जास्त. करार नसला तरी विश्वासाने सांगितलेली माहिती वापरू नये, हे कर्तव्य न्यायालये मानतात. झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल या २००३ च्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने कसोट्या घालून दिल्या आहेत: माहिती नेमकी कोणती ते दाखवा, ती विश्वासाच्या नात्यात दिली होती ते दाखवा, ती गोपनीय मानण्याजोगी होती ते दाखवा, आणि परवानगीशिवाय ती वापरली, किंवा वापरण्याचा धोका आहे, ते दाखवा.

पहिल्याच कसोटीवर बहुतेक जण अडतात. ‘आमचे तंत्रज्ञान, प्रक्रिया आणि व्यावसायिक माहिती चोरली’ असे दाव्यात लिहिले, तर कोर्ट विचारते, म्हणजे काय? ते न सांगता आल्यास मनाई मिळत नाही, कारण काय करायचे नाही हेच प्रतिवादीला कळणार नाही. दाव्याला जोडायची माहितीची यादी, म्हणजे अनुसूची, अशी हवी: ‘बॅच-पत्रक क्रमांक अमुक ते अमुक, त्यातील घटक ३ व घटक ५ यांचे वजनी प्रमाण, दुसऱ्या टप्प्याचे तापमान व तो टप्पा किती मिनिटांचा, घटक कोणत्या क्रमाने टाकायचे तो क्रम.’ खरे आकडे अनुसूचीत घालू नका. ते सीलबंद लिफाफ्यात द्या आणि फक्त दोन्ही बाजूंचे वकील व तज्ज्ञ यांनीच पाहावेत असा आदेश मागा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५३ब च्या परंतुकानुसार सुनावणीला बाहेरच्यांना मज्जाव करण्याचाही अधिकार न्यायाधीशांना आहे. गुपित वाचवायला कोर्टात जाऊन ते जाहीर अभिलेखात टाकणारे दावे खरोखर दाखल होतात.

गोपनीय मानण्याजोगी होती का, याचे उत्तर तुमच्या कारखान्याच्या भिंती देतील. प्रमाणाचा तक्ता भट्टीशेजारी चिकटवलेला असेल, वाहतूकदारही तो वाचून जात असेल, तर ते गुपित नव्हे. बॅच-पत्रक कुलपात असेल, दोघा-तिघांनाच दिसत असेल, पोत्यांवर रसायनाच्या नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असतील, तर लेखी करार नसतानाही बाजू उभी राहते. शिवाय बाजारात मिळणारे तुमचे उत्पादन प्रयोगशाळेत तपासून कोणी प्रमाण शोधून काढले असेल, तर ते त्याच्या कष्टाचे फळ आहे. त्यावर तुमचा हक्क नाही. तापमान आणि क्रम यांसारख्या, तयार मालावरून सहज न कळणाऱ्या गोष्टींवर म्हणूनच जास्त भर द्या.

ड्रॉइंग किंवा लिखित कार्यपद्धती नेली असेल, तर कॉपीराइटचा आधार मिळतो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, उलट करार नसेल तर नोकरीच्या कामात तयार झालेल्या कृतीचा पहिली मालक नोकरी देणारी कंपनीच असते. मात्र कॉपीराइट मांडणीला आहे, कल्पनेला नाही. कागद न नेता प्रमाण पाठ करून गेलेल्याला तो लागत नाही. ड्रॉइंगबाबत आणखी एक अडचण आहे. ड्रॉइंगवरून बनणारी वस्तू डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी होती, नोंदवली नाही, आणि औद्योगिक प्रक्रियेने तिच्या ५० हून जास्त प्रती निघाल्या, तर कलम १५(२) नुसार त्या डिझाइनमधला कॉपीराइट संपतो. वस्तूचे रूप डोळ्यांना भावण्यासाठी आहे की केवळ कामासाठी, याचा कस कसा लावायचा ते सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स निकालात सांगितले आहे. यंत्रभाग बनवणाऱ्यांनी तो निकाल आपल्या वकिलाकडून नीट समजून घ्यावा.

उरलेल्या कामगारांशी गोपनीयतेचा करार आता तरी करा. मागच्या तारखा मात्र टाकू नका.

प्रश्न : पोलिसांत तक्रार दिली तर ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ म्हणून परत पाठवतात. खरे काय?

संगणकातून माहिती नकलून नेली असेल तर गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय माहिती उतरवणे, तिची नक्कल करणे, सोर्स कोड चोरणे हे सारे येते. तेच अप्रामाणिकपणे किंवा लबाडीने केले तर कलम ६६ लागते: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, पण जामीनपात्रही आहे. त्यामुळे ‘उद्या आत टाकू’ या अपेक्षेने जाऊ नका. तपास पोलिस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो (कलम ७८). तो उपनिरीक्षकाकडे गेला तर बचावाला आयता मुद्दा मिळतो.

भारतीय न्याय संहितेतला नोकराने केलेला विश्वासघात, कलम ३१६(४), सात वर्षांपर्यंत शिक्षेचा आहे. म्हणून तो तक्रारीत घालण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली गगन हर्ष शर्मा प्रकरणात, जिथे कृत्य पूर्णपणे माहिती तंत्रज्ञान कायद्यात बसते तिथे त्याच कृत्यासाठी तेव्हाच्या दंड संहितेची कलमे ४०८ (नोकराचा विश्वासघात) आणि ४२० (फसवणूक) लावता येणार नाहीत, असे म्हणून तेवढा भाग रद्द केला. यावर वाद चालू असतो. तरी लॅपटॉप परत न करणे, कागदी फायली नेणे असे संगणकाबाहेरचे कृत्य असेल तेव्हाच न्याय संहितेची कलमे ठामपणे मांडावीत.

तक्रार अर्जात कोणती फाइल, कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या खात्यातून कुठे गेली हे पहिल्या परिच्छेदात लिहा. कंपनीचा इतिहास नंतर. गोपनीयतेचे कलम, नोंदींचे उतारे, हॅशसह प्रमाणपत्र आणि तक्रार देणाऱ्याच्या नावाचा कंपनीचा ठराव जोडा. ठराव नसल्याने परत आलेल्या तक्रारी कमी नाहीत. तीन वर्षे ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिस वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करू शकतात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३(३)). तेवढे थांबावे लागेल. त्यानंतरही गुन्हा नोंदवला नाही तर पोलिस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, आणि पुढे कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे जा. अधीक्षकांची पायरी वगळू नका.

फारशी कोणाला माहीत नसलेली आणखी एक वाट आहे. कलम ४३ खालची पाच कोटींपर्यंतची नुकसानभरपाई दिवाणी कोर्टात नव्हे, तर याच कायद्याखालच्या निर्णय अधिकाऱ्याकडे मागायची असते. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव हे काम पाहतात. मनाई हुकूम मात्र कोर्टाकडूनच घ्यावा लागेल. आणि फायलीत ग्राहकांची वैयक्तिक माहिती असेल, तर सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला) माहितीगळती कळवण्याची मुदत लक्षात आल्यापासून फक्त ६ तासांची आहे.

प्रश्न : मनाई हुकूम प्रत्यक्षात कसा मिळतो? किती दिवस लागतात?

आधी नियुक्तिपत्रात लवादाचे कलम आहे का ते पाहा. असेल आणि तुम्ही दावा लावलात, तर समोरचा तेच कलम दाखवून दावा थांबवतो. तेव्हा लवाद कायद्याच्या कलम ९ खाली अर्ज करायचा, आणि आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत लवाद सुरू करायचा.

लवाद नसेल तर दिवाणी दावा आणि त्यासोबत तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, म्हणजे आपल्याकडे सगळे म्हणतात तो निशाणी ५ चा अर्ज (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश ३९, नियम १ व २). कॉपीराइटचाही मुद्दा असेल तर दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही. शिवाय त्याचे मूल्य तीन लाख किंवा अधिक असेल तर तो व्यापारी वाद म्हणून चालतो. तिथे तातडीची मनाई मागितली नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे.

एकतर्फी आदेश हवा असेल तर नोटिशीने हेतूच कसा विफल होईल ते प्रतिज्ञापत्रात लिहा. सोबत कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज द्या: तो तज्ज्ञाला घेऊन प्रतिवादीच्या जागी जाईल, ठरलेल्या फायली शोधून त्यांची प्रत सील करेल. शोधायच्या फायलींची नावे, हॅश व्हॅल्यू आणि शोधशब्द अर्जातच द्या. ‘सगळे संगणक जप्त करा’ अशी मागणी फेटाळली जाते. आदेश मिळाल्यावर दावा, अर्ज आणि कागदपत्रे प्रतिवादीला लगेच पाठवून त्याच किंवा दुसऱ्या दिवशी तसे प्रतिज्ञापत्र दाखल करायचे असते (नियम ३). हे राहिले म्हणून मिळालेला आदेश उठतो. हा निष्काळजीपणा वकिलाकडून होऊ नये म्हणून तुम्हीच पाठपुरावा करा. आदेश मोडला तर नियम २अ खाली मालमत्तेची जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद आहे.

दिवसांचे म्हणाल तर एकतर्फी आदेश पहिल्या काही दिवसांतही मिळतो. पण माहिती गेल्याचे कळूनही तुम्ही चार-सहा महिने गप्प बसला असाल, तर तातडी कसली, असे कोर्ट म्हणते. उशिराचे कारण असेल तर तारखांसह मांडा. मनाईची मुदतही विचारपूर्वक मागा. जुने दर वर्षभरात शिळे होतात. रसायनाचे प्रमाण होत नाही. दोन्हींसाठी ‘कायमची मनाई’ मागणे कोर्टाला पटत नाही.

नव्या मालकाला प्रतिवादी करायचे का? त्याला माहिती मिळाल्याचा किंवा त्याने ती वापरल्याचा पुरावा असेल तर जरूर करा, नाहीतर आदेश फक्त माणसापुरता राहतो. पुरावा नसताना मात्र ‘तुम्ही चोर ठेवला आहे’ असे पत्र त्याला पाठवू नका. अब्रुनुकसानीचा दावा उलटून येईल.

प्रश्न : करारात ‘गोपनीयता मोडल्यास ५० लाख रुपये’ लिहिले आहे. तेवढे मिळतील?

आपोआप नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. त्याच्या आत वाजवी भरपाई कोर्ट ठरवते, आणि नुकसान सिद्ध करता येण्यासारखे असेल तिथे ते सिद्ध करावे लागते. हातातून गेलेल्या ऑर्डरी, त्यावरचा नफा, ग्राहकाचा पत्रव्यवहार आणि माहिती तयार करायला आलेला खर्च यांचे कागद सनदी लेखापालाकडून तपासून घ्या. भरपाईच्या दाव्याची मुदत तीन वर्षे.

प्रश्न : संशय आहे म्हणून त्याचा शेवटचा पगार आणि ग्रॅच्युइटी अडवून ठेवली तर चालेल का?

अडवू नका. राजीनामा देऊन गेलेल्याची ग्रॅच्युइटी केवळ संशयावरून रोखता येत नाही, आणि भविष्य निर्वाह निधीला तर हात लावताच येत नाही. शिवाय ‘करार आधी कंपनीनेच मोडला’ हा बचाव तुम्ही त्याच्या हातात देता. हिशेब पूर्ण करा आणि त्याच वेळी कंपनीच्या वस्तू व माहिती परत केल्याचे लेखी घोषणापत्र सहीसाठी पुढे ठेवा. सही केली तर खोटे बोलल्याचा पुरावा पुढे उपयोगी पडतो; नाकारली तर तीही नोंद होते.

प्रश्न : मी कर्मचाऱ्याच्या बाजूने लिहिते आहे. नोकरी बदलल्यावर जुन्या कंपनीची नोटीस आली. माझ्याकडे फक्त माझा अनुभव आणि फोनमधले ग्राहकांचे क्रमांक आहेत. घरच्या लॅपटॉपवर काही जुन्या फायली मात्र आहेत, घरून काम करताना घेतलेल्या. त्या पुसून टाकू का?

मुळीच पुसू नका. पुसल्याच्या खुणा राहतात, आणि निष्पाप फाइलही त्यानंतर संशयास्पद दिसते. फायलींची यादी करा, उघडू नका, आणि वकिलामार्फत जुन्या कंपनीला लिहा की कामासाठी घेतलेल्या या फायली माझ्याकडे आहेत, वापरलेल्या नाहीत, तुमच्या तज्ज्ञासमोर सुपूर्द करून प्रत नष्ट करायला मी तयार आहे. घरून काम करण्याची परवानगी देणारे ईमेल तुमच्याकडे असतील तर ते जोडा. नसतील तर ते कोणाकडून, कोणत्या काळात आले होते ते लिहा.

तुमचे कौशल्य, तुमचा अनुभव, बाजाराची जाण हे तुमचेच आहे. ते कोणी काढून घेऊ शकत नाही. ग्राहकांच्या क्रमांकांबद्दल थोडे सबुरीने घ्या: स्वतःहून सगळ्यांना एकाच मजकुराचा संदेश पाठवू नका. कारण तो संदेशच उद्या यादी वापरल्याचा पुरावा म्हणून पुढे येईल. नव्या मालकाला नोटिशीची माहिती द्या आणि जुन्या कंपनीची कोणतीही माहिती मागू नये असे त्यांच्याकडून ईमेलवर घ्या.

नोटिशीत कोर्टात जाण्याची भाषा असेल तर ज्या ज्या कोर्टात दावा होऊ शकतो तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट (‘आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा अर्ज) दाखल करा आणि तिची सूचना जुन्या कंपनीला रजिस्टर पोस्टाने पाठवा. मग तुम्हाला न ऐकता एकतर्फी आदेश होत नाही. कॅव्हेट ९० दिवस चालते. दावा त्यानंतरही आला नसेल आणि धोका कायम वाटत असेल तर नवी दाखल करावी लागते.